काळ्या दोऱ्याची पुडी

धोंडीबा सुतार भुसा चाखायचा. लाकडाचा. करवतीखाली ओंडका गेला की खाली पडलेल्या भुशातली चिमूट उचलायचा, नाकाशी न्यायचा, जिभेवर ठेवायचा आणि आमटीत मीठ पुरलंय का बघणाऱ्या आचाऱ्यासारखे डोळे मिटायचा. मग थुंकून निकाल सांगायचा. आमच्या सांगलीच्या लाकूडगिरणीत नवा आलेला प्रत्येक माणूस हे बघून हसायचा. मीही हसलो होतो.

हसण्याची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. कुणालाच, अगदी बायकोलाही सांगितली नाही ती गोष्ट वेगळी आहे. लाकूडकापणीवरचं एक छापील पत्रक माझ्या नावावर आहे. त्याच्या जोरावर मला सरकारी नोकरी लागली, आणि आज चार माणसं मला लाकडातला जाणकार समजतात. त्या पत्रकातली एकही गोष्ट माझी नाही. सगळी धोंडीबाची आहे. मी ती चोरली.

लढाईचे दिवस होते. गिरणीत तेलाचं इंजिन, इंजिनाला पट्टा आणि पट्ट्यावर फिरणारी गोल करवत. मी तिथे कारकून. ओंडके मोजायचे, हजेरी मांडायची, सही न येणाऱ्यांचा हात धरून अंगठ्याला शाई लावायची आणि तो वहीत उठवायचा. धोंडीबा करवतीचा मिस्त्री, हजेरीला अंगठेवाला. पन्नाशीचा, मूळचा माण तालुक्यातल्या दुष्काळी मुलखातला. "आमच्यात झाडं कमी," म्हणायचा, "म्हनून झाडाकडं बगायची सवं लागली." डाव्या करंगळीचं एक पेर करवतीनं नेलं होतं. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचा, "शिक्शान फुकाट हुतंय व्हय?"

ओंडका करवतीवर चढवण्याआधी तो त्याच्यावर बोटांनी टकटक करायचा, कान लावायचा, सालीवरून हात फिरवायचा. मालकांचा जीव वरखाली व्हायचा.

"धोंडीबा, कापायचंय का लग्न लावायचंय?"

"पोरगी बगितल्याबिगर लगीन हुतं का, मालक?"

गिरणीच्या मागे त्याची खोली होती. बायको गेलेली. खोलीत एक वळकटी, एक तवा आणि बाकी सगळ्या पुड्या. बारा वर्षांच्या. कापलेल्या प्रत्येक जातीच्या लाकडाचा भुसा त्यानं कागदात बांधून ठेवला होता. पुडीला आगकाड्या टोचलेल्या असायच्या. करवतीला वितीत जितके दाते, तितक्या काड्या. सुट्टीच्या दिवशी जुनी पाती काढून कानशीनं घासत बसायचा. दाते कधी दाट करायचा, कधी विरळ, कधी जास्त फाकवायचा, आणि त्याच लाकडावर पुन्हा चालवून बघायचा. खोली झाडायला कुणी आलं तर अंगावर धावून जायचा.

"पीठ पडलं तर दातं रडत्यात," तो मला शिकवायचा, "शेवया पडल्या तर दातं हसत्यात. भुसा खोटं बोलत न्हाई, कारकून. मानसाचं सांगता येत न्हाई."

त्याचा मुलगा शिवराम पलटणीत होता. जाताना बापाला म्हणून गेला होता, "बा, लोक तुला भुशा म्हनत्यात. मला लाज वाटती." हे धोंडीबानं मला कानस चालवता चालवता सांगितलं, मान वर न करता. मग म्हणाला, "ह्यातलं कायतरी एकदा छापून याया पायजे. नाव घालून. पोराला धाडीन. वाचंल त्यो."

त्याला एवढंच हवं होतं.

लढाईसाठी खोकी लागत होती आणि साग मिळेना, म्हणून सगळीकडे बाभळ कापायला घेतली होती. बाभळीनं पाती तापायची, वाकडी पळायची, निम्मं लाकूड वाया जायचं. इथलं लाकूड कसं कापावं याची कुणाला माहिती असेल तर लिहून पाठवा, असा एक सरकारी कागद आला. मालकांनी तो माझ्याकडे टाकला. मी धोंडीबाला वाचून दाखवला. त्यानं कानस खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि पुड्या काढल्या.

महिनाभर दर सुट्टीला तो सांगत होता आणि मी लिहीत होतो. कागदाच्या शेवटी एक रकाना होता : माहिती देणाराचं नाव, शिक्षण, हुद्दा. शिक्षण या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. अंगठेवाल्याचा कागद साहेब वाचणारसुद्धा नाही, असं मी स्वतःला समजावलं. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की सहा वर्षं ओंडके मोजून मी कंटाळलो होतो. मी माझं नाव लिहिलं.

पक्का कागद करताना एक अडचण निघाली. बाभळीच्या पुड्यांना दोन रंगांचे दोरे होते, काळे आणि पांढरे. त्यातले ओल्या लाकडाचे कुठले आणि सुक्याचे कुठले, हे मी विचारलंच नव्हतं. खोली दहा पावलांवर होती. पण नाव लिहून झाल्यावर त्या दारात जायला पाय उचलेना. मी अंदाज केला. बाभळीचा ओंडका नदीत टाकला की काळा पडतो. म्हणजे काळा दोरा ओल्या लाकडाचा, आणि त्याच पुड्यांना काड्या जास्त, म्हणजे ओल्याला बारीक दाते. तसं लिहून पाठवून दिलं.

दोन महिन्यांनी तो कागद काढणाऱ्या सरकारी खात्याचा गोरा साहेब आला. कागदात लिहिल्याप्रमाणे करवत चालली तर छापू, नाहीतर नाही. नदीतून काढलेला ओला ओंडका तयार होता. साहेबानं माझा कागद उघडला आणि मोडक्या हिंदीत वाचलं, "गीला बबूल. बारीक दाँत लगाओ."

धोंडीबानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आमटी खारट झाल्यावर आचारी मीठ टाकणाराकडे बघतो तसं. मी उलटं लिहिलं होतं. बारीक दात्यांत ओल्या बाभळीचा डिंक बसला असता, पातं तापून पळालं असतं आणि त्याची बारा वर्षं साहेबाच्या देखत खोटी ठरली असती. तोंड उघडून सांगावं, तर ज्याच्या नावाचा कागद त्यालाच त्यातलं काही कळत नाही हे उघड झालं असतं.

"सायेब," धोंडीबा म्हणाला, "कारकुनांनी मला सकाळीच सांगितलंय. लिवताना उलटं पडलंय म्हनून. वल्ल्याला इरळ दातं."

त्यानं विरळ दात्यांचं पातं चढवलं. ओंडका सरळ गेला. खाली शेवया पडल्या. साहेबानं खिशातलं पेन काढून कागद दुरुस्त केला आणि माझा हात हातात घेऊन हलवला. धोंडीबा वाकून चिमूट उचलत होता.

साहेब गेल्यावर मी दोऱ्याचं विचारलं.

"आवं, अंधाऱ्या पाखात, अवसंच्या आदी तोडल्यालं लाकूड. त्यात रस कमी, बिगीनं वाळतं, कीड लागत न्हाई. त्येला काळा दोरा. चांदन्यातलं रसानं भरल्यालं, त्येला पांढरा. ह्ये आमच्याकडं मेंढरामागचं पोरगंबी सांगंल." मग माझ्याकडे वळून, "इचारायचं की वो. मी काय खाल्लं असतं तुमास्नी?"

आणि तो पातं उतरवायला लागला.

पत्रक छापून आलं, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. धोंडीबा हात धुऊन आला. कागद नाकाशी नेऊन त्यानं शाईचा वास घेतला. म्हणाला, "ह्यात माजं नाव कुटं हाय?"

मी त्याचं बोट धरलं आणि माझ्या नावावर ठेवलं.

त्यानं बोट तिथंच ठेवलं. "बरं दिसतंय छापल्यावर," म्हणाला, आणि एक प्रत पोराला धाडायला मागून घेतली.

महिन्याभरात मला नोकरीचं पत्र आलं आणि मी सांगली सोडली. पुन्हा गेलो नाही. दीड वर्षानं मालकांचं कार्ड आलं : धोंडीबा थंडीतापानं गेला, खोली झाडून घेतली, भुसा वीटभट्टीला दिला.

लढाई संपल्यावर माझी बदली साताऱ्याला झाली. एक दिवस कचेरीत पलटणीतून सुटलेला एक माणूस आला. पाय किंचित ओढत होता. टेबलापुढे उभा राहून त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं. घडीला काळा दोरा बांधलेला.

"ह्ये कारकून तुमीच न्हवं? मी शिवराम. धोंडीबा सुताराचा."

मी त्याला बसायला सांगितलं. "वाचलंस?"

"वाचलं की. लय डाव. बानं संगं चिठी लिवून घेतल्याली. म्हनला, ह्यात माजं नाव न्हाई, पर काम माजं हाय. कारकुनाला इचारू नगंस, त्यो लाजंल."

"पण त्याला वाचता कुठं येत होतं?"

"नावापुरतं येत हुतं. भरती व्हायच्या आदी मीच शिकिवल्यालं, फळीवर कोळशानं. सहीबी करायचा."

"मग हजेरीवर अंगठा का उठवायचा?"

शिवराम ओशाळल्यासारखा हसला. "मीबी इचारलं हुतं. म्हनला, कारकून माजा हात धरून शाई लावत्यात. तुजी आई गेल्यापास्नं माजा हात कोन धरतंय? सही केली तर त्येबी जाईल."

दोरा काळा कशाला, ते मी विचारलं. "कीड लागू ने म्हनून," तो म्हणाला.

मी त्याला चहा पाजला. त्यानं घडी घातली, दोरा पुन्हा नीट बांधला, येतो म्हणाला आणि गेला.

पुढे पत्रकाची दुसरी छपाई निघाली. नाव बदलायला माझा एक अर्ज पुरला असता. तो लिहायला मी दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. आता हे लिहिलं आहे, पण हा काही तो अर्ज नव्हे. पत्रकावरचं माझं नाव काढून तिथे धोंडीबा सुतार हे नाव छापायचं आणि तो कागद स्वतः नेऊन शिवरामच्या हातात द्यायचा, एवढं माझं देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.