सात घरांचा म्हातारा

“बाबा, उशी फार कडक तर नाही ना?” असं थोरल्या सुनेने सकाळी सकाळी विचारलं, तेव्हाच पावतीबाबांच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या नऊ वर्षांत त्या उशीची चौकशी कोणी केली नव्हती. तिच्यात कापसाखेरीज काय काय आहे, हे फक्त बाबांच्या मानेला ठाऊक होतं.

“उशी ठीक आहे,” ते सावधपणे म्हणाले. “का गं? डॉक्टर काही बोलले का?”

“अगोबाई, डॉक्टर कशाला बोलतील! सहज विचारलं.”

सहज विचारणारी माणसं बाबांनी चौतीस वर्षं पाहिली होती. नगरपालिकेच्या घरपट्टी विभागात ते वसुलीला होते. दारात उभं राहायचं, पैसे हातात पडले की आधी पावती फाडायची आणि मग ख्यालीखुशाली विचारायची, हा त्यांचा शिरस्ता. लोक त्यांना पावतीबाबा म्हणू लागले आणि निवृत्तीनंतर वेतनाबरोबर नावही निम्मं होईल ही त्यांची भीती खोटी ठरली.

बायको गेल्यावर त्यांची वाटणी झाली. दोन्ही मुलांची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. थोरला हिशोबाला पक्का. मुदतीच्या शेवटच्या दिवशी भल्या सकाळी तो बाबांची ट्रंक बाहेर आणून ठेवी. धाकटाही पक्काच. नवी तारीख लागल्याशिवाय तो दार उघडत नसे. उलट फेरीतही हेच. त्यामुळे वर्षातून दोन वेळा बाबा आणि ट्रंक अख्खा दिवस गल्लीत असत. कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या ताई तेवढ्या आपल्या पायरीवर जागा करून देत. ताई ब्याऐंशीच्या, एकट्या. मशीन चालवता चालवता म्हणत, “बसा भाऊ. ट्रंकेलाही सावलीत घ्या.”

तर अशा बाबांची त्या दिवशी दोनदा चौकशी झाली. दुसऱ्यांदा धाकट्याने. तो वर्तमानपत्र घेऊनच आला होता.

“दादा, बाबांना आज घेऊन जातो.”

“अजून दोन महिने आहेत माझे.”

“दोन महिन्यांचं काय एवढं! वडील आहेत, पाण्याचा टँकर आहे का पाळीने यायला?”

“फेब्रुवारीत दोन दिवस कमी भरले म्हणून भांडायला कोण आलं होतं?” थोरला म्हणाला. “बाबा कुठेही जाणार नाहीत. त्यांना इथे करमतं.”

बाबा चकित होऊन ऐकत होते. आपल्याला कुठे करमतं हा विषय घरात निघू शकतो, याची त्यांना कल्पना नव्हती. मग त्यांनी वर्तमानपत्र ओढून घेतलं. निवडणूक तोंडावर होती आणि नगरपालिकेने नवी सूट जाहीर केली होती. ज्या घरात पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस राहतो, त्या घराची घरपट्टी संपूर्ण माफ.

“अच्छा,” बाबा म्हणाले. बाबा अठ्ठ्याहत्तरचे होते.

पाहणीला येणारा निरीक्षक बाबांच्याच हाताखाली तयार झालेला होता. ‘लोकांच्या बोलण्यावर जाऊ नकोस, वस्तू बघ. माणूस राहतो तिथे त्याच्या चपला झिजलेल्या असतात,’ हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. ही कीर्ती गल्लीत पोचलेली असल्याने दोन्ही घरांत जय्यत तयारी झाली. थोरल्याने काठी आणली. धाकट्याने दातांची कवळी ठेवायचा पेला आणला. बाबांचे सगळे दात शाबूत होते, पण पेला दिसायला बरा होता. नव्या चपला धाकटी सून स्वतः फरशीवर घासून झिजवत बसली.

निरीक्षक दहा वाजता थोरल्याकडे आला. बाबा खुर्चीत काठी धरून बसले होते. सही झाली. निरीक्षक चहा संपवेपर्यंत बाबांना मागच्या दाराने काढून, वळसा घालून धाकट्याच्या पलंगावर बसवण्यात आलं.

“साहेब,” निरीक्षक तिथे शिरताच म्हणाला, “मघाशी तुम्ही समोर होतात.”

“होतो.” बाबांना धाप लागली होती.

“आता इथे आहात.”

“आहे.”

“मग राहता कुठे?”

धाकट्याने डोळ्यांनी खुणा केल्या. पण कागदावर खोटं बाबांनी कधी लिहिलं नव्हतं, आणि समोर कागद होता. “सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे,” ते म्हणाले.

निरीक्षकाने नियम काढून दोनदा वाचला. किती महिने राहावं हे नियमात नव्हतं. नुसतं ‘राहतो’ होतं. त्याने दोन्ही घरांना सूट दिली आणि कपाळाचा घाम पुसला.

ही बातमी दुपारपर्यंत गल्लीभर झाली. संध्याकाळी फोटोवाला आला. “काका, किती महिने हे नियमात नाही म्हणे.”

“नाही.”

“नातं असावं लागतं का?”

बाबांनी आठवून पाहिलं. “तेही लिहिलेलं नाही.”

“मग वर्षातून आठवडाभर आमच्याकडे राहा की! खरोखर राहा. खोटं काही नको.”

बाबा खरोखर राहिले. मग घड्याळवाल्याकडे राहिले, मास्तरांकडे राहिले, नर्सबाईंकडे राहिले, बेकरीवाल्याकडे तर दहा दिवस राहिले. सात घरं झाली. प्रत्येक घरी नवी उशी. फोटोवाल्याकडे त्यांना पहिलं वाढत. घड्याळवाल्याची बायको विचारी, “काका, जेवण आवडलं ना? की तिखट झालं?” आणि उत्तर येईपर्यंत थांबे. बाबांना त्याचंच फार वाटे. विचारणारी माणसं त्यांना भेटली होती, थांबणारी बायको गेल्यापासून भेटली नव्हती.

हे चुकतंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. गावात त्यांच्याइतकं ते कोणालाच कळत नव्हतं. एक घर सुटलं की नगरपालिका काय काय सोडते, याचा क्रम त्यांना पाठ होता. आधी झाडू, मग दिवे, मग पाणी. आणि ही युक्ती काही एकाच गल्लीला सुचली नव्हती. वर्षअखेर गावात म्हातारे होते तितकेच राहिले आणि म्हातारे असलेली घरं पाचपट झाली. झाडूवाली एक दिवसाआड येऊ लागली. बाबांनी ते पाहिलं आणि मास्तरांकडच्या मऊ उशीवर कूस बदलली. आणखी महिन्याभराने एक सोडून एक दिवा बंद झाला.

पुढच्या आठवड्यात शिवणवाल्या ताई घड्याळवाल्याकडे त्यांना शोधत आल्या. उजवा हात गळ्यात बांधलेला होता. डाव्या हातात कागद.

“काय झालं, ताई?”

“तिन्हीसांजेला पायरी दिसली नाही. मनगट गेलं. मशीन आता बंदच.” त्यांनी कागद पुढे केला. “भाऊ, एवढं सांगा. ही यंदाची पावती. भरलेली आहे. मग माझ्या दारातला दिवा का नाही?”

बाबांनी पावती उलटसुलट केली. “तुम्ही सूट नाही मागितली? गल्लीत खरा हक्क कोणाचा असेल तर तुमचा.”

“मला दिवा लागतो ना गल्लीत. फुकट कसा मागू?” मग त्या जरा हसल्या. “तुम्हीच शिकवलंत. पावती नीट जपा म्हणालात, ती असली की हक्काने विचारता येतं. म्हणून विचारायला आले.”

आत घड्याळवाल्याची बायको त्यांच्यासाठी चहा गाळत होती, साखर बेताची. ते तसेच उठले आणि नगरपालिकेत गेले.

निरीक्षकाने अर्ज वाचला. मग खुर्ची ओढून जवळ बसला.

“साहेब, तक्रारदाराच्या जागी तुमचं नाव आहे.”

“आहे.”

“ज्याच्याविरुद्ध तक्रार, तिथेही तुमचंच.”

“दुसरा कोण आहे?”

“लेखी तक्रार आली की फेरतपासणी करावीच लागते. सात घरं जातील, आणि सातच जाऊन थांबणार नाहीत. घरी काय सांगाल?”

“कोणत्या घरी?” बाबांनी विचारलं. निरीक्षक खाली बघू लागला. “शिक्का मार बाबा,” ते म्हणाले. “आणि मला पोच दे.”

निवडणूक होऊन गेली होती, त्यामुळे सदस्यांना सत्य ऐकवत होतं. महिन्याभरात सूट रद्द झाली. सातही घरांना थकबाकीसकट मागणीपत्रं आली. बेकरीवाल्याने बाबांना ओळख देणं सोडलं. फोटोवाला म्हणाला, “काका, खाल्ल्या घरचे वासे तरी...” आणि वाक्य अर्धंच सोडून शटर ओढलं. दोन दिवसांनी थोरल्याने ट्रंक बाहेर ठेवली. मुदतीला अजून तीन आठवडे होते. धाकटा कॅलेंडर दाखवून म्हणाला, “बाबा, मी तारीख पाळणारा माणूस आहे.”

ते तीन आठवडे बाबा ताईंच्या पायरीवर बसत आणि आतल्या बाकड्यावर निजत. ताईंचा हात जुळला, पण सुई पकडता येईना. बाबा सुईत दोरा ओवून देत. चाळिशी लावूनही चार प्रयत्न लागत. ताई म्हणत, “सावकाश भाऊ, कुठे जायचंय?” एका संध्याकाळी कोपऱ्यावरचा दिवा लागला. दोघांनी वर पाहिलं. ताईंनी आत जाऊन पावती डब्यात ठेवली.

धाकट्याने ठरल्या तारखेला दार उघडलं. पेल्यात आता पेनं ठेवली होती. उशी जुनीच होती.

वर्ष उलटलं. पुन्हा कुठली तरी निवडणूक आली आणि नगरपालिकेने नवी सूट जाहीर केली. म्हाताऱ्यांवरून शहाणे होऊन सदस्यांनी या खेपेला जागचं न हलणारं काहीतरी निवडलं होतं. ज्या घराच्या अंगणात झाड आहे, त्या घराला घरपट्टी माफ.

थोरल्याच्या फाटकापाशी एक वाळकं, एका अंगाला झुकलेलं बदामाचं झाड होतं. त्याच्या फांद्या खिडकीत येतात म्हणून ते तोडायचं दोन वर्षं घाटत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा फिरायला निघाले, तेव्हा थोरली सून झारी घेऊन बुंध्याशी वाकली होती. तिने कोमट पाणी आणलं होतं. थंडी होती ना. धाकटा कुंपणापलीकडे उभा राहून विचारत होता, “वहिनी, याची एखादी फांदी आमच्याकडे लागेल का हो?”

ती दोघं आत जाईपर्यंत बाबा थांबले. मग काठी टेकत झाडापाशी गेले. कोणी पाहत नाही असं बघून त्यांनी खोडावर हात ठेवला.

“फार मनावर घेऊ नकोस,” ते हळूच म्हणाले. “पाहणी होईपर्यंतच असतं.”