लायब्ररीवालाच हाय

'रोल नंबर बावीसचा खून' हा टीव्हीसाठीच बनवलेला सिनेमा सुरू होऊन पहिली जाहिरातही लागली नव्हती, तेवढ्यात कडावच्या आबाजींनी खुनी जाहीर करून टाकला.

"लायब्ररीवाला," ते म्हणाले आणि रिमोट मांडीवर असा आपटला की टीव्हीचा आवाज आपोआप वाढला. "दुसरा कोन असनार? तो दिसला की वीज कडाडते. बाकीच्यांच्या डोक्यावर आभाळ मोकळं. डोकी गहान ठेवून बनवतात हे लोक."

शेजारच्या खुर्चीत झाकीर बसला होता. नाक्यावर त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान. शनिवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून तो आबाजींकडे यायचा आणि टीव्हीवर जे काही लागलं असेल त्याच्यावर दोघं मिळून चिडायचे. दोघांनाही दुसरं व्यसन नव्हतं.

"हॉस्टेलचा रेक्टर," झाकीर म्हणाला. "लायब्ररीवाल्याला मुद्दाम दाखवतात. तुला फसवायला."

"मला?"

"तुज्यासारक्यांना."

चिडण्यासारखं त्या सिनेमात भरपूर होतं, हे कबूल केलं पाहिजे. कॉलेजची पोरं म्हणून दाखवलेल्या नटांपैकी एकाला टक्कल होतं आणि दोघांना पोट. अख्ख्या कॉलेजात तास म्हणून कोणी घेत नव्हतं. प्रेताची पापणी दोनदा हलली. इन्स्पेक्टर लायब्ररीत काळा चष्मा लावून पुरावे शोधत होता आणि ते त्याला सापडत नाहीत म्हणून शिपायावर ओरडत होता. कँटीनचा मामा तेवढा सगळ्यांशी गोड बोलायचा, येईल त्याला "बाळा, चहा घे" म्हणायचा. असल्या गोष्टीसाठी लोकांचे दोन तास घेणाऱ्यांना खरं तर जाब विचारायला हवा, पण आबाजी आणि झाकीर ते सोडून एकमेकांना विचारत बसले.

स्वयंपाकघरात जयवंताबाई तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याचा आवाज चढला की त्यांचा हात थांबायचा. उद्या सकाळी लेकीच्या, नम्रताच्या, लग्नाची बैठक होती. पोशीरहून पाहुणे येणार होते. मुलगा जितेश, कुंभिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. आबाजींच्या बहिणीनं, पोशीरला दिलेल्या गौराबाईनं, हे स्थळ आणलं होतं. नम्रता मुलाला दोनदा भेटली होती आणि तिसऱ्यांदा भेटायला कोणाला न सांगता गेली होती, त्यावरून काय ते आईला समजलं होतं.

पण याआधीच्या दोन बैठका आबाजींनी मोडल्या होत्या. पहिली पाहुण्यांच्या गाडीच्या हॉर्नवरून. दुसरी नवऱ्या मुलाच्या काकानं भाताला बुरशी लागते कशी हे आबाजींना समजावलं म्हणून. तेव्हापासून ठरलं होतं की बैठकीत आबाजींनी गप्प बसायचं आणि त्यांच्या बाजूनं झाकीरनं बोलायचं. झाकीरला गोडीनं बोलता यायचं, गिऱ्हाईक सांभाळून सांभाळून त्याचा स्वभाव तसा झाला होता. आबाजींपुढे मात्र तो स्वभाव टिकत नसे.

सिनेमा शेवटाला आला. इन्स्पेक्टरनं सगळ्या संशयितांना सभागृहात गोळा केलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे." आणि कडावची लाइट गेली.

इन्व्हर्टरनं एकदा 'कुंई' केलं आणि तोही बसला.

"तुज्याच दुकानातला हाय," आबाजी अंधारात म्हणाले.

"बॅटरीत पानी घातलंस का कदी?"

"विकताना सांगितलंस का घालायचं म्हून?"

"बाबा, नेटवर सापडेल," नम्रता म्हणाली. "नंतर बघा."

"मला माहीत असलेलं मी परत कशाला बघू?" आबाजींनी मोबाइल काढला. "पोशीरला लाइट आसंल. गौराला विचारतो."

आमच्या भागात होकार आणि नकार यांच्यात एका अक्षराचं अंतर आहे. पुण्याचा माणूस 'आहे' म्हणतो किंवा 'नाही' म्हणतो. निम्मं ऐकू आलं तरी कळतं. कर्जतच्या माणसाचं 'हाय' आणि 'नाय'. सुरुवातीचं अक्षर गळलं की दोन्हीचं उरतं 'आय'. आणि कडावात मोबाइलची रेंज नेमकं सुरुवातीचंच अक्षर खाते. कंपनीला याचा जाब विचारावा म्हटलं तर तोही फोनवरूनच विचारावा लागतो.

"गौरे, लायब्ररीवालाच हाय ना?" आबाजी ओरडले.

"...आय," पलीकडून आलं.

"हाय ना?"

"...आय रं दादा, ...आय, तो..." आणि फोन तुटला.

"तीनदा म्हटली," आबाजी म्हणाले. "ऐकलंस?"

झाकीरनं लगेच कर्जतला आपल्या बहिणीला, झिनतला, फोन लावला. "झिनत, खुनी रेक्टरच हाय ना गं?" पलीकडून "...आय भाई" आलं आणि रेंज गेली. झाकीरनं फोन खिशात ठेवला आणि अंधारातही दिसेल असा चेहरा केला.

"तुजी भन काय बी सांगते," आबाजी म्हणाले.

"म्हंजे माजी भन खोटी?"

"मंग माजी खोटी?"

"मी नाय म्हटलं. तूच म्हन."

इथवर भांडण खुन्याचं होतं, आता बहिणींचं झालं. खुन्यावरून माणूस माघार घेऊ शकतो. बहिणीवरून घेत नाही. जयवंताबाई मेणबत्ती घेऊन बाहेर आल्या तोवर झाकीर चपला घालत होता.

"भावजी, उद्या नवाला या," त्या म्हणाल्या.

"माज्या बहिणीला खोटी म्हननाऱ्याच्या बाजूनं मी बोलनार नाय, वहिनी. त्याच्या लायब्ररीवाल्याला बसवा बैठकीला."

झाकीर गेला. नम्रता आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावलं, जोरात नाही, पण आईला ऐकू जाईल इतकं. आबाजी मेणबत्तीसमोर बसून म्हणाले, "नको येऊ दे. मला काय तोंड नाय?"

तोंड होतं, हाच तर प्रश्न होता.

सकाळी जयवंताबाईंनी मागच्या पडवीतून झाकीरला फोन केला. आधी विनवलं. तो नाही म्हणाला. पोरीची शपथ घातली. पोरीला माझा आशीर्वाद आहे, पण त्या घरात पाय ठेवणार नाही, म्हणाला. मग जयवंताबाईंचाही पारा चढला. इतकी वर्षं दोन भडकू माणसं सांभाळायची, एक लग्नाचा आणि एक शेजारचा, आणि दोघांची अक्कल एका टीव्हीत गेलेली.

"नका येऊ," त्या म्हणाल्या. "हे म्हनतच व्हते. रात्रीत त्याला कळलं आसंल रेक्टर नाय म्हून, आता तोंड लपवून बसलाय."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पोशीरची जीप वेळेवर आली. मुलाचे वडील मालोजी, त्यांचे दोघे भाऊबंद, जितेश आणि गौराबाई. मालोजी जुन्या वळणाचा माणूस, टीव्ही बघत नसत आणि बघणाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. सतरंजीवर टेकताच त्यांनी चारीकडे पाहिलं.

"झाकीरभाई कुठं?"

"येत नाय," आबाजी म्हणाले.

"का वो?"

"रेक्टरपायी."

मालोजींना वाटलं हे काहीतरी दुखणं असावं. "जपायला सांगा," ते म्हणाले. "पन त्यांच्याशिवाय कसं? मागं भेट झाली तवा आमी सांगितलंय, तुमच्याकडून झाकीरभाई बोलतील तो शब्द शेवटचा. तुमचा राग काय आमी धरनार नाय."

खरं तर हे मोठ्या मनाचं बोलणं होतं. पण आबाजींना त्यातला झाकीरच तेवढा टोचला. पाणी सांगतो म्हणून ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आत गौराबाई वहिनीला पोहे वाढायला मदत करत होती आणि रात्रीचं रेक्टर-लायब्ररीवाल्याचं भांडण ऐकत होती.

"गौरे," आबाजी दबक्या आवाजात म्हणाले, निदान त्यांना तो दबका वाटला. "काल तू मला सांगितलंस ना? हायच म्हून?"

"मी? मी नाय म्हटलं."

"हाय म्हटलंस."

"नाय म्हटलं रं दादा. तीनदा नाय म्हटलं. तुला हाय ऐकू आलं तर मी काय करू?"

बाहेर सतरंजीवर मालोजींचा हात टोपीकडे गेला. स्थळ आणणारी बाई आत 'नाय' म्हणून सांगत होती.

"मंग तवाच नीट का नाय सांगितलंस?" आबाजींचा आवाज आता नेहमीचा झाला.

"सांगत व्हते, तर फोन तुटला. मला तर पैल्यापासून त्या गोड बोलनाऱ्याचाच संशय व्हता. येवडं गोड कोन बोलतं का? असली मानसं आतून काळी."

जितेश नुकताच आल्या आल्या "नमस्कार आत्या, प्रवास नीट झाला ना?" असं गौराबाईला एकाच जीपमधून उतरून विचारून बसला होता. तो पांढरा पडला. जयवंताबाईंच्या हातातला चमचा परातीत पडला. आपल्या नणंदेला बाहेर कोण बसलंय याचं भान नाही आणि नवऱ्याला तर ते जन्मात नव्हतं. "वन्सं, हळू," त्या म्हणाल्या, पण तोवर मालोजी उभे राहिले होते.

"चला रं," त्यांनी भाऊबंदांना सांगितलं. "नाय म्हनायचं व्हतं तर जीप कशाला आनायला लावली?"

आबाजी धावत बाहेर आले. "अवो पाव्हणं, तुमचा गैरसमज व्हतोय. ती पोराबद्दल नाय बोलली. ती खुन्याबद्दल बोलत व्हती."

"खुनी?" मालोजी म्हणाले. "माजा पोरगा?"

"तो खुनी नाय. खुनी लायब्ररीवाला..."

"कोनाचा खून? कदी?"

आबाजींनी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर आलं नाही. टीव्हीतल्या एका फालतू सिनेमासाठी मी माझा बोलणारा माणूस घालवला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? स्वतःचाच इतका राग त्यांना कधी आला नव्हता, आणि रागाचा अनुभव त्यांना कमी नव्हता. आतल्या खोलीच्या दारात नम्रता उभी होती. तिनं पदर घट्ट धरला होता आणि ती बापाकडे बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"मला लांबलचक काय बी सांगू नका," मालोजी म्हणाले. "एका शब्दात सांगा आनि मोकळं करा. हाय का नाय?"

"हाय."

आवाज अंगणातून आला. दारात झाकीर उभा होता. दुकान तसंच उघडं टाकून आला असावा, कारण कानावर पेन्सिल होती आणि हातात वायरचं भेंडोळं. चेहरा लाल झाला होता. त्याला कोणाच्या बैठकीचं भान नव्हतं. नाक्यापासून इथवर तो एकच वाक्य घोळवत आला होता आणि दारात येतो तर नेमका तोच प्रश्न चाललेला.

"हायच," तो म्हणाला. "काल पन हाय म्हटलं, आज पन हाय. एकशे एक टक्के हाय. ज्याला नाय म्हनायचंय त्यानं माज्या तोंडावर म्हनावं."

मालोजींचा चेहरा उजळला. ते दोन ढांगांत दारापाशी गेले आणि त्यांनी झाकीरला वायरच्या भेंडोळ्यासकट मिठी मारली.

"झाला शब्द," ते म्हणाले. "झाकीरभाई, दुखनं असून आलात. पेढे काढा रं."

एका भाऊबंदानं जीपमधून पेढ्यांचा खोका आणला. झाकीर गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिला. त्यानं आबाजींकडे पाहिलं, नम्रताकडे पाहिलं, जयवंताबाईंनी हळूच जोडलेले हात पाहिले आणि त्याला सगळं समजलं. चिडका होता, पण मूर्ख नव्हता. त्यानं भेंडोळं खाली ठेवलं आणि तो सतरंजीवर आपल्या जागी जाऊन बसला.

"आता तुमी, आबाजी," मालोजी म्हणाले. "बापाच्या तोंडून आलं पायजे. झाकीरभाई बोलले ते बरोबर हाय ना?"

 झाकीर रेक्टरबद्दल बोलला होता हे तिथं घरच्यांनाच माहीत होतं.  याआधी झाकीर बरोबर आहे असं ते कधी म्हणाले नव्हते, तो बरोबर असतानाही नाही. नम्रता अजून बघतच होती.

"झाकीर म्हनतो ते," आबाजी म्हणाले आणि थांबले. मग दात न उघडता म्हणाले, "बरोबर हाय."

"अवो पन रेक्टर कुठं हाय?" गौराबाई दारातून म्हणाली. "खुनी तर तो कँटीनचा मा..."

जयवंताबाईंनी तिच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

झाकीरनं आपला पेढा हातात घेतला, सतरंजीवर नीट मांडी घातली आणि मोठ्या गोडीनं म्हणाला, "आबा, काय म्हटलंस रं? मागच्या पाव्हण्यांना ऐकू आलं नाय."

मागे कोणी पाहुणे नव्हते. नुसती भिंत होती. आबाजींनी भिंतीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि परत एकदा, मोठ्यानं म्हटलं.