‘मेक अप’चा अर्थ

तीस वर्षं कारखान्याच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहून निवृत्त झालेल्या माणसाला इंग्रजी शिकवायची कुणाची छाती होती! गल्लीत त्यांना सगळे ‘डिक्शनरी’ म्हणत. लोक चिडवत, त्यांना ती पदवी वाटे.

म्हणून बुधवारी मोबाइलवर आलेला भाचीचा निरोप डिक्शनरींनी चष्माही न पुसता वाचला. ‘मदर वॉन्ट्स टू मेक अप विथ मावशी.’

भाची मराठी फाडफाड बोलायची, पण लिहायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. तिची आई ही डिक्शनरींच्या बायकोची सख्खी धाकटी बहीण. बारा वर्षं अबोला! बायको घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवायची.

“काय म्हणतेय?” बायकोच्या हातातला पावडरचा पफ हवेतच राहिला.

“धाकटीला मेकअप करायचाय. तुझ्याकडून!”

“बारा वर्षांनी आठवण झाली ती लिपस्टिकसाठी? मी मेले की जगले, ते विचारलंय का?”

“तसा उल्लेख नाही.”

“मग कळवा! आधी वेळ घ्या म्हणावं. आणि दर सगळ्यांना सारखाच!”

डिक्शनरींनी अगदी ऑफिसच्या थाटात, ‘विथ रेफरन्स टू’पासून सुरुवात करून कळवलं. खाली दरपत्रकाचा फोटोही जोडला!

दोन दिवस सामसूम. शुक्रवारी उत्तर आलं, ‘स्टिल, शी हॅज मेड अप हर माइंड. कमिंग संडे.’

डिक्शनरींच्या कपाळावर आठ्यांचं जाळं पसरलं. “मेड अप म्हणजे रचलेलं, बनावट. माइंड म्हणजे मन. ते भांडण तू मनानं रचलंस म्हणतेय! आणि रविवारी येऊन तोंडावर सांगणार आहे!”

“मी रचलं? मी?” बायको अशी तापली की पार्लरमधलं वॅक्सचं भांडंही गार वाटावं. “लिहा! या दारात पाऊल ठेवायचं नाही!”

त्यांनी लिहिलं. स्पेलिंगची एक चूक नाही!

रविवारी पार्लर बंद असतं. तरी बायकोने दारातलं पायपुसणं दोनदा झटकलं आणि दोन्ही वेळा रस्त्याकडे बघितलं.

सोमवारी सकाळी भाचीचा फोन आला. मागे विमानतळावरच्या सूचना ऐकू येत होत्या.

“काका, आई कायमची माझ्याकडे परदेशात राहायला निघालीय. जाण्याआधी तिला फक्त मिटवायचं होतं. दरपत्रक बघूनसुद्धा यायचं ठरवलं होतं तिनं. शेवटी तुम्ही ते लिहिलंत... ठेवते. विमानात बसायचंय.”

डिक्शनरी फोन घेऊन पार्लरमध्ये धावले. खुर्चीत एका भुवईचं काम झालेली गिऱ्हाईक बाई होती. त्यांनी अडखळत सगळं सांगितलं. बायकोने दोरा टाकला, फोन हिसकावला, चारदा लावला. बंद.

“अहो, माझी दुसरी भुवई!” गिऱ्हाईक बाई कुरकुरली.

बायकोने फोन ठेवला, नवा दोरा तोडून एक टोक दातात धरलं आणि खाली वाकली.

“चूक झाली गं,” डिक्शनरी म्हणाले. “इंग्रजीत एकाच शब्दाचे इतके अर्थ असतात की...”

बायकोने दोरा दातांतून काढला.

“बारा वर्षांपूर्वी तिच्या ज्या निरोपावरून आमचं बिनसलं, तो मराठीत होता ना? तोही तुम्हीच आणला होतात.”

आणि तिने दोरा असा ओढला की खुर्चीतली बाई किंचाळली, “आई गं!”