इथून शीव

आमच्या कॅप्टन फेल्डनसाहेबांनी नकाशावर रेघ मारली की तिथली जमीन फाटायची. सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी आठ सरहद्दी आखल्या आणि आठही ठिकाणी पाच हात रुंद भेग पडली. वरून शाबासकीच आली. सरहद्द ठसठशीत असावी, असं वरच्यांचं मत होतं. मी साहेबांचा कारकून. भेगेच्या कडेने पाट्या लिहून रोवणं माझ्याकडे असे.

नववी रेघ वाघजाळी आणि कोंडगाव यांच्यामधून गेली. मी नेहमीप्रमाणे 'इथून शीव' अशा पाट्या रोवल्या आणि आम्ही तळावर परतलो.

वाघजाळीच्या खंडू शिंप्याची लेक गोदू कोंडगावात दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाळंतपणाला माहेरी आणायची, तर मध्ये ही भेग, आणि भेगेला तळ नाही. खंडू दोन दिवस काठावर रडत बसला. तिसऱ्या दिवशी त्याने पाटी वाचली.

"सरकार अरेतुरे करतंय," तो बायकोला म्हणाला, "पर काम माझ्याच हातचं सांगितलंय."

त्याने दाभणात काथ्या ओवला आणि पाटीपासून शिवायला घेतलं. दाभण पलीकडे फेकायचं, जावयाने तिकडच्या काठातून घालून परत फेकायचं, मग दोघांनी ओढायचं. आधी कच्चा टाका, मग पक्का. आठ दिवसांत दोन्ही गावं एकमेकांना लागली.

साहेब तपासणीला आले तेव्हा मला दरदरून घाम फुटला. पाटी माझ्या हातची होती ना!

"हे कोणी केलं?"

"तुमीच सांगितलंत की!" खंडूने पाटी दाखवली.

साहेबांनी ती दोनदा वाचली. "कारकून, शीव म्हणजे?"

"हद्द, साहेब."

"आणखी?"

"आणखी... कपडा शिवतात, तेही."

"हद्द फाटलेलीच हवी, असा नियम आहे?"

"नाही साहेब. दिसली पाहिजे, इतकंच."

"दिसते?"

"वीत-वीतभर अंतरावर टाका आहे, साहेब."

खंडूने हात जोडले. "उसवायची तर उसवा मायबाप, पर सव्वा महिना थांबा. पोरीचं बाळंतपण होऊ द्या."

साहेबांनी बूट काढले. अनवाणी कोंडगावात गेले, परत वाघजाळीत आले, पुन्हा गेले. मग मटकन टाक्यांवरच बसले आणि हुश्श केलं. "सतरा वर्षांत स्वतःची रेघ आज पहिल्यांदा ओलांडली," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मलाही काय हायसं वाटलं म्हणून सांगू!

"बाकीच्या आठ ठिकाणी कोणती पाटी आहे?"

"हीच, साहेब. वाचायला शिंपी नव्हता."

साहेब खंडूकडे वळले. "काथ्या किती उरलाय?"

"लई हाय. पर आधी लेक आणू द्या."

मी अहवालात लिहिलं : नववी सरहद्द, शिलाई पक्की. साहेबांनी सही केली. तोवर गोदू पलीकडून चालत आली होती. टाक्यांपाशी तिचा पाय अडला.

"ये गं बाय," खंडू म्हणाला, "दुहेरी शिवलंय."

गोदू आली.