बाबारावांची काश्मिरी हळद

आमचा रेडिओ खरखरायला लागला, तेव्हा बाबारावांनी त्याला उपाशी ठेवायला सांगितलं.

"पंधरा दिस कान पिळू नका त्याचा. ताण द्या त्याले, भाऊ. मंग पाहा कसा गाते तं."

बाबाराव म्हणजे आमचे नागपूरचे कुंपणाशेजारी. नोकरी सरकारी कचेरीत, पण जीव काटोलच्या संत्र्याच्या बागेत. संत्र्याला बहर यावा म्हणून बागवाले त्याचं पाणी काही दिवस तोडतात. झाड मलूल होतं, पानं गाळतं, आणि मग पाणी सोडलं की अंगभर फुलतं. याला म्हणायचं ताण देणं. बाग भावांच्या हवाली करून बाबाराव शहरात आले आणि भेटेल त्याला ताण देत सुटले. सायकल कुरकुरली, ठेवा पडवीत. दूधवाल्यानं पाणी घातलं, दूधच बंद. मला एकदा ताप आला तर माझं जेवण तोडलं. आणि मी असा धीट, की बायकोनं वरणभात पुढे केल्यावर आधी कुंपणाकडे पाहून घेतलं.

रेडिओ मात्र ताणानंतर कायमचा गप्प झाला. "जास्त झाला वाटते," एवढंच बाबाराव म्हणाले.

त्यांच्या मुलीनं, सुमननं, आपल्या मनानं एका पंजाबी फौजीशी लग्न केलं, तेव्हाही औषध तेच निघालं. बोलणं बंद, येणं-जाणं बंद. "येते कशी नाई सरळ, पाहतो ना मी." पाहता पाहता वर्षं गेली. जावयाची बदली काश्मीरहून कामठीला झाली. कामठी म्हणजे तोंडातलं पान संपायच्या आत बस पोचते. सीताकाकू, म्हणजे बाबारावांच्या पत्नी, लेकीकडे उघड जाऊन येत. कुठे गेली होतीस, हे बाबाराव विचारत नसत. काकू परत येईपर्यंत फाटकाशी उभे मात्र असत.

एकदा काकू तिथून एक मुळाची गाठ घेऊन आल्या. सुमननं काश्मीरहून जपून आणलेलं आयरिसचं झाड, जांभळ्या फुलाचं. गाठ दिसायची हळकुंडासारखी, म्हणून मोहल्ल्यात तिचं नाव पडलं काश्मिरी हळद.

"कचरा हाय," बाबाराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कचरा मोरीजवळच्या सगळ्यांत गार जागेत लावलेला दिसला.

उन्हाळा लागला आणि पानं पिवळी पडू लागली. एक पान हात लावताच बुडातून निसटलं. वास असा, की मी नाक धरलं.

"तुमच्या कूलरचं पाणी इकडे येऊन राहिलं जी!" बाबाराव माझ्यावरच कडाडले. "सड लागली ना गाठीले!"

मी गुन्हा कबूल करायच्या बेतात होतो. कोणी ओरडलं की मी असतोच. तेवढ्यात आठवलं, आमचा कूलर अजून माळ्यावरून उतरलेलाच नाही. तसं सांगून टाकलं.

"मंग पाणी टाकलं कोणं?" बाबारावांनी विचारलं.

काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साऱ्या दुनियेले ताण, अन् पोट्टीच्या झाडाले सकाळ-संध्याकाळ बादली! मले काय दिसत नाई?"

बाबाराव खुरपं घेऊन खाली बसले.

गाठ निघाली ती अर्धी लिबलिबीत. संत्र्याच्या खोडाला डिंक्या रोग लागला की बागवाले सडकी साल खरवडतात, तसं ते चाकूनं कापत गेले. कापायचं, चाकू उकळत्या पाण्यात बुडवायचा, गाठ अंगठ्यानं दाबून पाहायची, पुन्हा कापायचं. पांढरा, कडक गर लागला तेव्हा बोटभर तुकडा उरला होता.

"जगेल का जी?" मी विचारलं.

"मले काय मालूम? संत्र्याचं असतं तं सांगतलं असतं."

मग मोरचूद आणि चुना कालवून, संत्र्याच्या खोडाला फासतात तेच निळं मलम त्यांनी कापलेल्या तोंडाला लावलं. तुकडा गच्चीवर काकूंच्या कुरडयांशेजारी वाळला. नंतर भिंतीलगत, उंचवट्यावर, रेताड मातीत लावला, तोही पाठ उघडी ठेवून.

"पूर्ण काहून नाई पुरत?" मी विचारलं.

"बुजवली का सडते. हवा लागू द्या तिले."

आणि पाणी बंद. आता खरा ताण सुरू झाला, तो बाबारावांना. रोज सवयीनं बादली भरायचे, वाफ्यापर्यंत न्यायचे, तिथे थबकायचे आणि कुंपणावरून आमच्या तुळशीला ओतून परत फिरायचे. आमची तुळस सडते की काय, अशी धास्ती पडली.

एका सकाळी हाक आली, "भाऊ! धावा जी!"

चपला उलट्यासुलट्या घालून मी धावलो. गाठीच्या पाठीतून पोपटाच्या चोचीएवढं हिरवं टोक वर आलं होतं. बाबाराव उकिडवे बसून पेल्यातलं पाणी बोटांनी कडेकडेनं शिंपडत होते.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी आले. हातात संत्र्यांची पिशवी.

"भाऊ, कामठीची बस कुठून सुटते जी?"

नागपुरात अर्धं आयुष्य काढलेला माणूस हे मला विचारत होता. मी चपला घातल्या, या वेळी सरळ.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. कामठी दिसू लागली तशी पिशवी मांडीवर घट्ट धरून म्हणाले, "जास्त झाला वाटते, भाऊ."