भुऱ्याचं रिकामं पोट

"पोट भरलेलं आहे याचं. आत काहीच दिसत नाही," डॉक्टर हेमाली सोनोग्राफीचं मशीन बंद करत म्हणाल्या. "बारा तास रिकामं ठेवा, सांगितलं होतं ना?"

कुमारने आईकडे पाहिलं. गोदूबाईंनी टेबलावर आडव्या पडलेल्या भुऱ्याकडे पाहिलं. भुऱ्याने कोणाकडेच पाहिलं नाही. पोटावरचे केस काढल्यापासून त्याने माणसांशी संबंध तोडले होते.

"काय दिला न्हाय मी," गोदूबाई म्हणाल्या. "शंकराची आण."

गुरुवार फुकट गेला. दिघाशीहून भिवंडीला कुत्रा आणायचा म्हणजे आधी रिक्षावाल्यांच्या विनवण्या करायच्या, मग ओळखीच्या टेम्पोत पत्र्यावर बसायचं. शिवाय कुमारची पूर्णा गावच्या गोदामातली ड्युटी बुडायची, ती वेगळीच.

पण न येऊन भागणार नव्हतं. दीड महिना भुऱ्या ओकत होता आणि त्याचं पोट टम्म फुगत होतं. कुमारचे वडील पोटातल्या गाठीने गेले होते आणि ती सापडली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यामुळे गोदूबाईंनी धसकाच घेतला होता. सोमवारचा उपास त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच धरला होता. भुऱ्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी गुरुवार धरला. त्याच्या उलट्या वाढल्या, तेव्हा शनिवारही धरला.

कुमारने परत सुट्टी मागितली, तेव्हा नवा सुपरवायझर नोमान हळव्या आवाजात म्हणाला, "फिर सोनोग्राफी? भाभीची तब्येत बरी आहे ना?"

कुमारचं लग्न व्हायचं होतं. पण सगळं समजावून सांगायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "ठीक आहे," तो म्हणाला.

शनिवारी भुऱ्या उकिरड्यावर जाऊ नये म्हणून कुमारने त्याला आदल्या संध्याकाळपासूनच बांधून ठेवलं. या वेळी डॉक्टरांनी आधी रक्त घेतलं. थोड्या वेळाने त्या नळी उजेडात धरूनच बाहेर आल्या. रक्ताच्या वर पांढरट, दुधासारखा थर आला होता.

"हे तेलकट खाल्ल्यावर होतं. सकाळी काय दिलंत याला?"

"कायच न्हाय. उपास हाय त्याचा."

"म्हणजे चहासुद्धा नाही?"

"न्हाय. फकस्त साबुदाण्याची खिचडी."

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. शेजारच्या बाकावरच्या मांजरानेही.

"आये!" कुमार ओरडला.

"वरडतोस कशाला? भाताचा शीत दिला न्हाय, चपातीचा तुकडा दिला न्हाय. उपासाचा खाल्ला तर कुठं काय बिघडतंय? शेंगदाण्याचा कूट बी मी मोजून घातला."

गुरुवारी बटाट्याच्या काचऱ्या होत्या, हेही मग कळलं. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि सोमवारची वेळ दिली.

सोमवारी कुमारने सकाळी गॅसच पेटू दिला नाही. गोदूबाई पाण्यावर राहिल्या, भुऱ्या पाण्यावर राहिला आणि त्या दोघांवर नजर ठेवण्याच्या नादात कुमारही पाण्यावरच राहिला. दवाखान्यात पोचेपर्यंत तिघांत जास्त आजारी तोच दिसत होता.

डॉक्टरांनी भुऱ्याच्या पोटावर मशीन बराच वेळ फिरवलं. गोदूबाई पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचा हात कुमारच्या मनगटावर घट्ट होता. नवऱ्याच्या वेळीही त्या अशाच उभ्या होत्या.

"गाठ नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सगळं साफ आहे. उलट्या कधी करायचा हा?"

कुमार आठवू लागला. "आधी सोमवारी. मग गुरुवारी पण. मग शनि..." तो थांबला आणि त्याने आईकडे पाहिलं.

"साबुदाणा, शेंगदाणे, तळलेले बटाटे बंद," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी काही करायला नको."

गोदूबाईंनी मशीनला हात जोडले आणि पदराने डोळे पुसले. कुमारलाही भरून आलं. भुऱ्याला कवेत उचलून तो म्हणाला, "चल आये."

गोदूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आता काय?"

"शंकराला बोलले व्हते. गाठ न्हाय निघाली तर सोळा सोमवार."

"कर की. तुला कोण नाही म्हणतंय?"

"एकटीचा न्हाय बोलले," गोदूबाई भुऱ्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "आमा दोघांचा बोलले."

कुमार भुऱ्यासकट बाकावर बसला. भुऱ्याने तीन फेऱ्यांत पहिल्यांदाच शेपूट हलवली.