उजव्या कमरेची जागा

"एकदा कमरेला लावलंस की विसरून जायचं. सारखा हात लावायचा नाही. ज्याचा हात तिथे जातो, त्याच्याकडे अख्खं गाव बघतं."

हे माझ्या सासूबाईंचे, म्हणजे नदीनचे शब्द. त्या स्वयंपाकघरात उकडलेल्या अंड्यांत सारण भरत होत्या आणि त्यांचं स्वतःचं पिस्तूल नेहमीप्रमाणे पर्समध्ये, तपकिरीच्या डबीइतकं निवांत पडलं होतं. मी "हो आई" म्हटलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, हात लावायचा की नाही हे काय शिकवायचं?

वस्तू पारखून घेण्यात माझा हात धरणारं आमच्या गावात कुणी नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. मुलीची, जूनीची, मोटारीतली खुर्ची घ्यायला मी इतके दिवस लावले होते की शेवटी दुकानदार मला नावाने ओळखू लागला. मग पिस्तूल काय मोठं? माझा नवरा कोल्बी तेलविहिरींवर कामाला. पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. घर गावाबाहेर, खडीच्या रस्त्यावर. ओक्लाहोमातला वारा नुसतं दार हलवतो, पण मला त्यात माणसाची पावलं ऐकू येतात. जूनी झाल्यापासून माझी झोप घटली आणि शंका वाढल्या. पोस्टमन पेटीपाशी जरा जास्त रेंगाळला तरी मी पडद्याआडून बघत बसते.

बंदुकांच्या दुकानातल्या रँडलने दोन छोटी पिस्तुलं समोर ठेवली. "हे पातळ. लपतं छान, पण झाडलंस की हातात उडी मारतं. हे जरा जाड. हाताला बसतं, पण शर्टातून चुगली करतं."

"मग कुठलं घेऊ?"

"ते मी नाही सांगणार. बायका नंतर मलाच बोल लावतात." त्याने दोन्हींच्या निळ्या प्लास्टिकच्या प्रतिकृती काढल्या. आकार हुबेहूब तोच. "या घेऊन जा. वापरून बघ. बस, ऊठ, सामान उचल, पोरीला घे. मग ठरव."

आणि पोरीपाशीच घोडं अडलं. जूनीची जागा माझ्या उजव्या कमरेवर. जन्मापासून ती तिथेच बसते, डावीकडे घेतली की भाडेकरूला घराबाहेर काढल्यासारखी रडते. पिस्तुलाची जागाही उजवी कमर. जाड निळं तिथे खोचलं, तर जूनी त्यावर टाचा मारायला लागली.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले आहे. तुलना करायची तर एकाच दिवशी, एकाच परिस्थितीत. म्हणून बुधवारी मी जाड निळं कमरेला लावलं आणि पातळ निळं डायपरच्या पिशवीत, वाइप्स आणि दात येताना चावायचं रबरी कडं यांच्यामध्ये ठेवलं. कमरेवरची जागा भरलेली, म्हणून सुपरमार्केटमध्ये जूनीला ढकलगाडीतल्या बैठकीत बसवलं. पिशवी दांड्याला अडकवली. चर्चमधल्या जेवणासाठी मला चीज आणि मॅकरोनी घ्यायची होती.

बाळंतपणानंतर माझी जीन्स सैल झाली आहे. निळं सारखं खाली सरकत होतं. मी हळूच चाचपलं. दोन पावलांवर पुन्हा. शेंगांच्या डब्यांपाशी नजर गेली, तर तपकिरी टोपीतला एक म्हातारा माझ्या कमरेकडे बघत होता.

मी दुधाकडे वळले. तो दुधापाशी. मी पिठाकडे वळले. तो पिठापाशी, आणि त्याच्या हातात पिठाची पिशवी नव्हती. त्याचा हात शर्टाखाली होता.

हेच ते, म्हटलं. ज्याची मी इतके दिवस पडद्याआडून वाट बघत होते, तो हाच. मी पुन्हा कमर चाचपली. त्याने आपली चाचपली.

"काका, माझ्यामागे का फिरताय?"

"मी फिरतोय? बाई, तू आल्यापासून दर दोन पावलांवर कमर दाबतेयस. तुझा काय बेत आहे तो सांग."

"माझा काही बेत नाही. तुम्हीच दाबताय."

"तू दाबतेस म्हणून मी दाबतो."

"मी तुम्ही बघताय म्हणून दाबते."

गोठवलेल्या वाटाण्यांपाशी एक बाई थांबली होती. तिचा हात पर्समध्ये होता. तिच्याकडे बघून मांस विकणाऱ्याने हात एप्रनखाली घातला, आणि त्याच्याकडे बघून रांगेतल्या दोघांनी. सगळ्या गावाला एकदम कंबरदुखी जडावी तसे आम्ही उभे. कुणी हलेना. प्रत्येकजण दुसऱ्याच्या कोपरावर नजर ठेवून.

तेवढ्यात टरबुजांच्या ढिगामागून सासूबाई आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत टरबूज होतं. अख्ख्या दुकानात कमरेशी किंवा पर्समध्ये हात नसलेल्या त्या एकट्याच.

"लॉरेल, हात काढ तिथून. ऑर्विल, तूही. ही माझी सून आहे."

"नदीन, तुझ्या सुनेचं लक्षण मला ठीक दिसत नाही."

"तिचं लक्षण असंच आहे. मुळात घाबरट." मग त्या थबकल्या. टरबूज त्यांनी अगदी सावकाश खाली ठेवलं. "आणि पोरगी काय चावतेय?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मीसुद्धा.

जूनीने दोन्ही मुठींत पातळ पिस्तूल धरलं होतं. नळी तोंडात. खालचे दोन दात तिच्यावर घासत होती आणि लाळ हनुवटीवरून गळत होती. इतकी खूश ती रबरी कड्यावर कधी झाली नव्हती.

ते निळं आहे, हे मला दिसत होतं. प्लास्टिकचं आहे, हे माहीत होतं. तरी मी झडप घातली. ते तिच्या तोंडातून काढलं. तिने भोकाड पसरलं.

"प्लास्टिक आहे," मी म्हणाले. "दोन्ही प्लास्टिकची आहेत. कमरेचंही. कुठलं घ्यायचं ते ठरवतेय."

पोरीच्या हातातलं पिस्तूल बघून बटाट्यांच्या पोत्यांमागे दडलेले ऑर्विलकाका उठले. टोपी हातात घेतली. चेहरा पिठासारखा.

"माझं प्लास्टिकचं नाही, पोरी," ते हळूच म्हणाले. "तू पिठापाशी वळलीस तेव्हा मी पिस्तुलाच्या खोळीचं बटण उघडलं होतं."

सासूबाईंनी जूनीला उचललं आणि माझ्या उजव्या कमरेवर बसवलं. जाड निळं त्यांनी आधीच उपसून टरबुजाशेजारी ठेवलं होतं.

रात्री कोल्बीचा फोन. "मग? पातळ की जाड?"

"पातळ तिच्या मुठीत मावतं."

"म्हणजे जाड?"

"म्हणजे कुलपाची पेटी. आधी ती. बोटाच्या ठशाने उघडणारी, भिंतीला ठोकायची."

"आणि पिस्तूल?"

"तिला सगळे दात येऊ देत, मग बघू."

रँडलने पातळ निळं परत घेतलं, उजेडात धरलं. नळीवर दोन बारीक खाचा. "हे कुणी चावलं?" मी सांगितलं. ते तो आता कुणाला घरी वापरून बघायला देत नाही. गल्ल्यावर ठेवलंय. कुणी तरुण आई आली की आधी तेच तिच्या हातात देतो आणि काही बोलत नाही. ऑर्विलकाका रविवारी चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसतात, आणि आम्ही दोघंही हात मांडीवर ठेवतो, सगळ्यांना दिसतील असे.

हे लिहितेय तोवर बाजूच्या खोलीत जूनी बराच वेळ शांत आहे. मी उठते. तुमच्याही घरात एखादं रांगतं असेल आणि फार वेळ आवाज आला नसेल, तर एवढं करा, जाऊन बघा. काय करतंय ते नंतर. आधी तोंडात काय आहे ते.